अमेरिका-जपान सुरक्षा करार: संरक्षणाची हमी की तळांचा भाडेपट्टा? (१९४५ ते १९७२)

शाईवाला | सोमवार, रात्री ९:१२

शेजारच्या संरक्षण खर्चाच्या धाग्यावर 'अमेरिकेने हमी दिली म्हणून जपानला सैन्य पोसावे लागले नाही' हे वाक्य तिघांनी लिहिले आहे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. १९५१चा मूळ करार वाचा. त्यात हमी नाही.

करार जेमतेम दीड पानाचा. पहिल्या कलमात जपान आपल्या भूमीवर आणि आसपास अमेरिकी भूदल, नौदल, हवाईदल ठेवण्याचा हक्क देतो आणि अमेरिका तो स्वीकारते. हे सैन्य अतिपूर्वेतल्या शांततेसाठी आणि बाहेरून हल्ला झाल्यास जपानच्या सुरक्षेसाठी 'वापरता येईल'. वापरता येईल म्हटलंय, वापरले जाईल नव्हे. सगळी गोम या क्रियापदात आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद: परकी सत्तेच्या चिथावणीने देशात मोठे दंगे उसळले, तर जपान सरकारच्या विनंतीवरून अमेरिकी फौज तेही मोडू शकते. स्वतंत्र झालेल्या देशाने हे लिहून दिले!

दुसरे कलम म्हणते, अमेरिकेच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशाला तळच काय, सैन्य नेण्यापुरती वाटही द्यायची नाही. तिसऱ्याने सगळा तपशील दोन सरकारांमधल्या प्रशासकीय करारावर सोपवला. चौथ्याप्रमाणे दोघांनाही पटेल तेव्हाच करार संपणार, म्हणजे मुदत नाही. आणि त्या प्रशासकीय कराराप्रमाणे (२८ फेब्रुवारी १९५२, डीन रस्क आणि ओकाझाकी कात्सुओ) जपानने दर वर्षी १५.५ कोटी डॉलर इतक्या किमतीचे येन भरायचे. डॉलरला ३६० येन हा त्या वेळचा दर धरला तर ५,५८० कोटी येन. भाडेकरूने भाडे द्यायचे सोडून मालकच दरवर्षी भाडेकरूच्या हातावर पैसे ठेवतोय.

भातुकली | सोमवार, रात्री ९:४०

वाचतेय. पण मुळात ज्या अमेरिकेने जपानच्या घटनेत 'सैन्य ठेवणार नाही' असे लिहिले, तीच पाच वर्षांत सैन्य उभे करा म्हणते. हे एकाच देशाचे धोरण कसे?

टेकाडेभाऊ | सोमवार, रात्री १०:२५

भातुकलीताई, कारण वॉशिंग्टन आणि तोक्यो ही दोन वेगळी दुकाने होती.

फेब्रुवारी १९४६ मध्ये जनरल मॅकआर्थरने (युद्धानंतर जपानवर बसलेल्या दोस्तांच्या ताबा फौजेचा प्रमुख) तीन मुद्द्यांचे टिपण काढून कोर्टनी व्हिटनीच्या शासन विभागाकडे दिले. दुसरा मुद्दा युद्धत्यागाचा. त्यात मूळ शब्द असे होते की स्वतःच्या सुरक्षेसाठीसुद्धा जपान युद्ध करणार नाही. मसुद्याचे काम पाहणाऱ्या चार्ल्स केडिसने ते शब्द गाळले, कारण आत्मरक्षणाचा हक्क कुठल्याच देशाकडून काढून घेता येत नाही असे त्याचे मत. आठवडाभरात मसुदा तयार होऊन १३ फेब्रुवारीला योशिदा शिगेरू आणि मात्सुमोतो जोजी यांच्या हाती पडला. एवढी घाई का, तर महिनाअखेरीस वॉशिंग्टनमध्ये अतिपूर्व आयोगाची (ताब्यातल्या जपानचे धोरण ठरवणारा दोस्त राष्ट्रांचा मंच) बैठक बसणार होती. त्यात सोव्हिएत संघ आणि ऑस्ट्रेलिया सम्राटाचा प्रश्न उकरून काढतील ही भीती. सम्राट टिकवायचा तर जगाला दाखवायला काहीतरी ठोस हवे, म्हणून घटनेचे नववे कलम, युद्धत्यागाचे आणि सैन्य न ठेवण्याचे. या दोन गोष्टी जोडीनेच वाचाव्यात.

पुढे जपानी संसदेच्या समितीत आशिदा हितोशीने दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला 'वरील हेतू साध्य करण्यासाठी' एवढीच शब्दरचना घातली. आक्रमक युद्धासाठी सैन्य नाही, पण इतर कारणांसाठी चालेल, असा अर्थ त्यातून काढता येतो. अतिपूर्व आयोगाच्या ते लगेच लक्षात आले. म्हणूनच मंत्री 'नागरीच' असावेत असे कलम ६६ मध्ये घालायला लावले. सैन्यच असणार नाही, तर मंत्री लष्करी नसावा हे सांगायची गरज काय? या एका दुरुस्तीवर जपानचे कायदेपंडित आजही भांडतात.

अक्षांश | सोमवार, रात्री ११:०२

टेकाडेभाऊंच्या 'दोन दुकानां'ना पुस्ती. मॅकआर्थर पुनःशस्त्रीकरणाच्या विरोधात जून १९५० पर्यंत ठाम होता. मार्च १९४८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यात धोरण आखणारा जॉर्ज केनन तोक्योला गेला तेव्हाही मॅकआर्थरचे म्हणणे हेच की ओकिनावा पक्के हातात ठेवा, तिथून हवाईदलाच्या जोरावर जपान राखता येतो, मुख्य बेटांवर सैन्याची गरज नाही. म्हणजे नवव्या कलमाचा भोळेपणा ओकिनावाच्या धावपट्ट्यांवर उभा होता.

वॉशिंग्टनमध्ये तोवर वारे फिरले होते. लष्करमंत्री केनेथ रॉयलने जानेवारी १९४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भाषणात जपान साम्यवादाला अडसर ठरावा अशी भाषा केली. केननच्या दौऱ्यातून निघालेले राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे १३/२ क्रमांकाचे टिपण ऑक्टोबर १९४८ मध्ये ट्रुमनने मान्य केले: शांतता कराराची (जपानशी युद्ध आणि ताबा औपचारिकपणे संपवणारा करार) घाई नको, सुधारणांचा रेटा कमी करा, अर्थव्यवस्था उभी करा, पोलीस दल मजबूत करा, ओकिनावा दीर्घकाळासाठी धरून ठेवा. पुढल्या वीस वर्षांचे धोरण बरेचसे या एका टिपणात सापडते.

सैन्याचे म्हणाल तर २५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटले आणि जपानमधल्या चारही अमेरिकी तुकड्या (डिव्हिजन) एकेक करून तिकडे निघाल्या. मागे तळ राखायला कोण? ८ जुलैला मॅकआर्थरने पंतप्रधान योशिदाला पत्र धाडले: ७५,००० चे राष्ट्रीय पोलीस राखीव दल उभारा आणि सागरी सुरक्षा दलात ८,००० माणसे वाढवा. पत्रात भाषा 'परवानगी'ची, प्रत्यक्षात हुकूम. १० ऑगस्टला संसदेत विधेयक न नेता मंत्रिमंडळाच्या आदेशाने दल स्थापन. गेलेल्या चार तुकड्यांच्या जागी चार तुकड्या असाच आराखडा. हातात अमेरिकी कार्बाइन, पुढे रणगाडेही आले. पण घटनेत सैन्य नाही ना, म्हणून रणगाड्याचे नाव 'विशेष वाहन'.

ऑक्टोबर १९५० मध्ये तर जपानी सुरुंगशोधक नौका कोरियाच्या वॉन्सान बंदराबाहेर कामाला लावल्या. १७ तारखेला त्यातली एक सुरुंगावर आदळून बुडाली, एक माणूस गेला. नवी घटना लागू होऊन साडेतीन वर्षे झालेली. प्रकरण अनेक वर्षे झाकून ठेवले.

निशिगंधा | मंगळवार, सकाळी ७:५०

सगळे छान चाललेय. पण शाईवाला, हमी का नव्हती हे सांगायचे राहिले. अमेरिकेने कंजूषपणा केला असे नाही, सिनेटचा अडसर होता.

जून १९४८चा व्हँडेनबर्ग ठराव. अमेरिका सामूहिक संरक्षणाच्या करारात तेव्हाच शिरेल, जेव्हा समोरचा देश 'सातत्यपूर्ण आणि परिणामकारक स्वावलंबन आणि परस्पर साहाय्य' करू शकतो. जपानकडे सैन्य नाही, असले तरी घटनेप्रमाणे ते बाहेर पाठवता येत नाही. मग परस्पर साहाय्य कुठून येणार? शांतता कराराच्या वाटाघाटी करणारा अमेरिकी दूत जॉन फॉस्टर डलेस हे कारण जपानी शिष्टमंडळाच्या तोंडावर फेकत असे. जपानी बाजूचा पहिला मसुदा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ५१ वर बेतलेला, दोन समान देशांमधला होता. तो बाजूला पडला.

डलेसला तळ मात्र पूर्ण हवे होते. जानेवारी १९५१ मध्ये तोक्योत आपल्या माणसांशी बोलताना त्याने प्रश्नच असा मांडला होता की हवे तेवढे सैन्य, हवे तिथे, हवा तेवढा काळ ठेवण्याचा हक्क मिळतो की नाही. हे त्याचे एकट्याचे डोके नाही. सप्टेंबर १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री अ‍ॅचेसन आणि संरक्षणमंत्री जॉन्सन यांच्या संयुक्त टिपणावर ट्रुमनने सही केली, तेव्हाच पेंटागॉनने शांतता कराराला होकार देण्याची अट म्हणून तळांचा हक्क लिहून घेतला होता. परराष्ट्र खात्याला करार हवा, पेंटागॉनला ताबा. भूभाग सोडायचा पण तळ सोडायचे नाहीत, या तोडग्यावर दोघांचे जमले.

टेकाडेभाऊ | मंगळवार, सकाळी ९:१५

निशिगंधाताई, तोडग्याची पहिली किल्ली तर योशिदानेच दिली होती! एप्रिल-मे १९५० मध्ये अर्थमंत्री इकेदा हायातोला त्याने वॉशिंग्टनला पाठवले (सोबत मियाझावा किइची, पुढचा पंतप्रधान). निमित्त अर्थकारणाचे, खरा निरोप असा की अमेरिकेला तळांची मागणी करायला संकोच वाटत असेल, तर जपान स्वतःहून देऊ करेल. कोरियाचे युद्ध अजून सुरूही झाले नव्हते.

मी योशिदाला शंभरपैकी नव्वद गुण देईन. डलेसला जपानकडून मोठे सैन्य हवे होते. फेब्रुवारी १९५१ मध्ये योशिदाने ५०,००० चा आकडा पुढे केला. ऑक्टोबर १९५३ च्या इकेदा-रॉबर्टसन बोलण्यांत अमेरिकेची मागणी सव्वातीन लाखांच्या वर भूदलाची, इकेदाने तीन वर्षांत १,८०,००० सांगितले. कारण प्रत्येक वेळी एकच: तुम्हीच लिहिलेली घटना. मॅकआर्थरचे नववे कलम जपानने ढालीसारखे डलेससमोर धरले. नोव्हेंबर १९५३ मध्ये उपाध्यक्ष निक्सन तोक्योत जाहीरपणे म्हणाला की १९४६चे निःशस्त्रीकरण ही अमेरिकेची चूक होती. चूक कबूल करून काय उपयोग, कलम तर लोकांच्या मनात मुरले होते.

शाईवाला | मंगळवार, दुपारी १:३०

नव्वद गुण? मग उरलेले दहा ओकिनावाचे कापलेत की काय. तिथल्या लोकांना विचारले तर शून्य मिळेल.

शांतता कराराचे कलम ३ बघा (र्‍युक्यु म्हणजे ओकिनावा असलेली बेटमाला). र्‍युक्यु आणि ओगासावारा बेटांवर अमेरिका संयुक्त राष्ट्रांकडे विश्वस्त कारभाराचा प्रस्ताव मांडेल, आणि तो मांडून मंजूर होईपर्यंत प्रशासन, कायदे आणि न्याय यांचे सगळे अधिकार अमेरिकेकडे. अमेरिकेने प्रस्ताव कधी मांडलाच नाही, त्यामुळे ती 'तोपर्यंत' वीस वर्षे चालली. डलेसने सॅन फ्रान्सिस्कोत 'अवशिष्ट सार्वभौमत्व' हा शब्द काढला: मालकी जपानची, कारभार आमचा. जपानी घटनाही लागू नाही आणि अमेरिकेचीही नाही, असा प्रदेश तयार झाला. एप्रिल १९५३ मध्ये अमेरिकी नागरी प्रशासनाने १०९ क्रमांकाचा जमीन संपादनाचा अध्यादेश काढला, मालकाने नकार दिला तरी सक्तीने जमीन घेण्यासाठी.

मुख्य बेटांवर तळांविरुद्ध आंदोलने वाढली तसे सैन्य कुठे सरकले? तिसरी मरीन तुकडी १९५५-५६ मध्ये गिफु, यामानाशीकडून ओकिनावात. जून १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आणि पंतप्रधान किशी नोबुसुके यांनी अमेरिकी भूदलाची लढाऊ पथके जपानमधून काढण्याचे जाहीर केले. तोक्योत टाळ्या पडल्या, ओकिनावात कुंपणे वाढली. आज देशाच्या ०.६ टक्के जमिनीवर, फक्त अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळक्षेत्राचा सुमारे ७० टक्के भाग आहे, त्याचे मूळ या दशकात आहे.

दर्याकिनारा | मंगळवार, दुपारी ३:०५

भारताचा संबंध कुणी काढलाच नाही. नेहरू सरकारने ऑगस्ट १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जायला नकार दिला, त्याच्या कारणांत शाईवालांचे दोन्ही मुद्दे आहेत. एक, र्‍युक्यु आणि ओगासावारा जपानला परत द्यावीत. दोन, सैन्य ठेवण्याचा करार जपानने आधी पूर्ण सार्वभौम होऊन, मग स्वतःच्या मर्जीने करावा. शांतता कराराच्या पोटात तो घालू नये. तिसरे कारण तैवान चीनला देण्याबद्दल. भारताने जपानशी वेगळा शांतता करार ९ जून १९५२ ला तोक्योत केला आणि नुकसानभरपाईवर पाणी सोडले.

आणि मराठी माणसाला ठाऊक असावे असे: ताबा फौजेत राष्ट्रकुलाच्या वतीने गेलेल्या २६८ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती, सोबत पंजाबी आणि गुरखे. मुक्काम पश्चिम होन्शूत. ब्रिगेडचे नेतृत्व थिमय्यांकडे. पण राष्ट्रकुल फौजेकडे लष्करी प्रशासन नव्हते, ते अमेरिकनांनी स्वतःकडेच ठेवले होते. पहारे, शस्त्रे नष्ट करणे, किनाऱ्यावर नजर एवढीच कामे. १९४७ मध्ये भारतीय पलटणी परतल्या.

भातुकली | मंगळवार, सायंकाळी ६:२०

मराठा पलटणीचे माहीत नव्हते, धन्यवाद. अजून एक विचारते. दोन्ही करार एकाच दिवशी, एकाच सभागृहात झाले का?

निशिगंधा | मंगळवार, सायंकाळी ७:०५

दिवस एक, ८ सप्टेंबर १९५१. जागा वेगळ्या. शांतता करार ऑपेरा हाउसमध्ये थाटात, जपान धरून ४९ सह्या. सोव्हिएत संघ, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया बैठकीला आले पण सही केली नाही. सुरक्षा करार त्याच संध्याकाळी प्रेसिडिओ या लष्करी छावणीतल्या हवालदार-सुभेदारांच्या क्लबात. अमेरिकेकडून चार सह्या: अ‍ॅचेसन, डलेस आणि दोन सिनेटर. जपानकडून एकच, योशिदाची. शांतता करारावर सह्या करणारे बाकीचे प्रतिनिधी इथे नव्हते. बदनामी आपल्या एकट्याच्या अंगावर राहावी असा योशिदाचा हिशेब. दोन्ही करार २८ एप्रिल १९५२ ला लागू झाले. ओकिनावात तो दिवस 'अपमानाचा दिवस' म्हणून पाळतात.

कुजबुज | मंगळवार, रात्री १०:४८

आता १९६०. नवा करार १९ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये झाला. कागदावर जपानने बरेच मिळवले. कलम ५ मध्ये हमी आली, पण ती 'जपानच्या प्रशासनाखालील प्रदेशा'पुरती. दंगे मोडण्याची तरतूद गेली. दहा वर्षांनंतर एका वर्षाच्या सूचनेने बाहेर पडता येते. कलम ६ मध्ये तळ, आणि त्याला जोडलेल्या पत्रात 'पूर्वसल्लामसलत'. ही कशी चालते ते नीट पाहा, कारण सगळी चलाखी इथेच आहे.

तीन गोष्टींत आधी विचारायचे. जपानमध्ये सैन्य आणण्यातला मोठा बदल: तोंडी समझोत्याप्रमाणे भूदलाची साधारण एक तुकडी, हवाईदलाचे तितकेच बळ, नौदलाचा एक टास्क फोर्स. शस्त्रांतला मोठा बदल: अण्वस्त्रे, मध्यम आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि त्यांचे तळ. आणि जपानमधल्या तळांवरून थेट लढाईच्या मोहिमा.

१९६० पासून आजवर पूर्वसल्लामसलत एकदाही झालेली नाही.

कारण प्रत्येक अटीला पळवाट आहे. बाहेर 'आणणे' मोजतात, बाहेर 'नेणे' मोजत नाहीत. योकोसुका या जपानमधल्या अमेरिकी नौदल तळावरून निघालेले जहाज 'स्थलांतर' करते. लढण्याचा हुकूम त्याला समुद्रात मिळाला तर मोहीम जपानमधून निघाली असे धरत नाहीत. १९९० मध्ये मिडवे ही विमानवाहू नौका योकोसुकाहून निघून आखाती युद्धात लढली, तेव्हाही कुणी विचारले नाही. ओकिनावा १९७२ पर्यंत जपानी प्रशासनाखालीच नव्हते, म्हणून १९६८ मध्ये बी-५२ विमाने ओकिनावातल्या कादेना तळावरून व्हिएतनामवर बाँब टाकायला उडत होती, तरी अट लागू नाही. कोरियासाठी तर वेगळे गुप्त टिपण: तिथल्या संयुक्त राष्ट्र फौजेवर अचानक हल्ला झाला, तर विचारण्याचीही गरज नाही.

अण्वस्त्रांचे सर्वांत मजेशीर. ६ जानेवारी १९६० रोजी परराष्ट्रमंत्री फुजियामा आणि राजदूत डग्लस मॅकआर्थर दुसरा (जनरलचा पुतण्या) यांनी चर्चेच्या गुप्त नोंदीवर आद्याक्षरे केली. तिच्यात एक वाक्य: अमेरिकी जहाजे आणि विमाने येण्या-जाण्याच्या चालू पद्धतीला याने बाधा येणार नाही. अमेरिकेने अर्थ लावला की अण्वस्त्रे घेऊन बंदरात थांबणे म्हणजे 'आणणे' नव्हे, जमिनीवर उतरवून बसवणे म्हणजे आणणे. जपान सरकार संसदेत उलट सांगत राहिले. एप्रिल १९६३ मध्ये राजदूत रायशॉअरने परराष्ट्रमंत्री ओहिरा मासायोशीला बोलावून अमेरिकी अर्थ समजावला. ओहिराने ऐकून घेतला, विरोध केला नाही. त्यानंतर १९६७ मध्ये पंतप्रधान सातो एइसाकूने 'अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनवणार नाही, आणू देणार नाही' ही तीन तत्त्वे सांगितली. तिसऱ्या तत्त्वाला भोक आधीच होते. परराष्ट्र खात्याने नेमलेल्या समितीने हे २०१० मध्ये मान्य केले.

अक्षांश | बुधवार, सकाळी ८:१०

+१ कुजबुज. एक दुरुस्ती नव्हे, भर: १९६०चा करार ज्या पद्धतीने संसदेत रेटला त्यानेच आयझेनहॉवरचा दौरा बुडाला. १९ मेच्या रात्री किशीने पोलीस बोलावून समाजवादी खासदार बाहेर काढले आणि मध्यरात्रीनंतर मतदान उरकले. १० जूनला आयझेनहॉवरचा प्रसिद्धी सचिव हॅगर्टी याची गाडी हानेदा विमानतळाबाहेर जमावाने अडवली, त्याला मरीन हेलिकॉप्टरने काढावे लागले. १५ जूनला संसदेच्या आवारात विद्यार्थिनी काम्बा मिचिको मारली गेली. दुसऱ्या दिवशी किशीने दौरा पुढे ढकलायला सांगितले. १९ जूनला करार आपोआप मंजूर, वरिष्ठ सभागृहात मतदान न होता.

शाईवाला | बुधवार, सकाळी ११:२५

आणि शेवट निक्सनवर, कारण ओकिनावा परत दिले तेही भाडेपट्टा न सोडताच. मे १९६९ च्या राष्ट्रीय सुरक्षा निर्णय टिपण १३ मध्ये ठरले होते की तळांचा वापर मोकळा मिळत असेल, तर १९७२ मध्ये परत द्यायला हरकत नाही. अण्वस्त्रे काढण्याचा विचार अगदी शेवटी करायचा, तोही संकटात पुन्हा आणण्याचा आणि ने-आण करण्याचा हक्क राखून. वाटाघाटीत आधी जास्त मागून शेवटी मोठी सवलत दिल्यासारखे दाखवायचे, हे तंत्र.

२१ नोव्हेंबर १९६९ ला जाहीर निवेदन: अण्वस्त्रांशिवाय, मुख्य बेटांसारखेच नियम, १९७२ मध्ये परत. त्याच भेटीत खोलीत निक्सन आणि सातो या दोघांनी सही केलेले गुप्त टिपण: मोठ्या आणीबाणीत अण्वस्त्रे पुन्हा आणायला जपान तत्काळ होकार देईल, कादेना, नाहा, हेनोको आणि नाइकी हर्क्युलिस क्षेपणास्त्रांच्या जागा वापरण्याच्या स्थितीत ठेवाव्यात. हे निक्सनचा सुरक्षा सल्लागार किसिंजर आणि सातोचा खासगी दूत वाकाइझुमी केइ यांनी मागच्या दाराने ठरवले, जपानच्या परराष्ट्र खात्याला पत्ता नव्हता. सातोकडची प्रत त्याच्या घरच्यांकडून २००९ मध्ये बाहेर आली.

१५ मे १९७२ ला झेंडा बदलला. जपानने मोजले ३२ कोटी डॉलर. तेवढ्यातच शेतजमीन पूर्ववत करण्याचे ४० लाख डॉलर होते, जे कागदोपत्री अमेरिका देणार होती आणि गुपचूप जपाननेच भरले. ही बातमी फोडणाऱ्या वार्ताहरालाच शिक्षा झाली.

टेकाडेभाऊ | बुधवार, दुपारी १२:०२

बरं, नव्वदाचे पंचाहत्तर करतो. त्याखाली नाही! १९५४ ते १९७२ दरम्यान जपानी सैन्याचा एकही जवान अमेरिकेच्या युद्धात मेला नाही, दक्षिण कोरियाने व्हिएतनाममध्ये जवळपास पाच हजार गमावले. ते कुठल्या रकान्यात मांडणार?

शाईवाला | बुधवार, दुपारी १२:३१

त्याच रकान्यात, कलम ३ च्या शेजारी. १९७८ पासूनचा 'सहानुभूती निधी' मात्र अजून राहिलाय. पहिल्या वर्षी ६२० कोटी येन, तळांवरच्या जपानी कामगारांच्या खर्चासाठी, करारात त्याचे बंधन नसताना. त्यावर रात्री लिहितो.